अनोळखी गिऱ्हाईक

विदर्भात तालुक्याच्या गावी दुकानदाराकडे ऑनलाइन जाहिरातीचं काम मागायला गेलं, की पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळतं. "आमाले कोन नाही ओयखत, ताई?" आणि ते खरंच असतं. दुकान वडिलांच्या हातचं, पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक वडिलांच्याच नावाने ओळखणार. आजूबाजूच्या खेड्यांतला कास्तकार बाजाराच्या दिवशी येतो, पिशवी तिथेच ठेवतो, पाणी तिथेच पितो आणि उधारीही तिथेच लिहितो. अशा माणसाला 'तुमचं दुकान लोकांना माहीत होईल' असं सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात मी हे काम करते, आणि माझं सगळं म्हणणं या एका उत्तरातूनच निघालेलं आहे. ओळखणाऱ्यांसाठी जाहिरात करायचीच नाही. तुम्हाला ओळखत नाही असा कोण तुमच्याकडे येऊ शकतो, हे आधी शोधायचं. तो सापडला तर काम घ्यायचं. नाही सापडला तर चहा पिऊन निघायचं.

दुकानदारासोबत बसून असा माणूस शोधायला लागलं की तोही थोड्या वेळाने स्वतःच नावं घ्यायला लागतो. आमचं कारंजा नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. रात्री टायर फुटलेला ट्रकवाला, लेकराला ताप आला म्हणून उघडं मेडिकल शोधणारं कुटुंब, कोंढाळी सोडल्यावर जेवायला कुठे थांबावं याचा विचार करणारे गाडीतले लोक, हे रोजचेच. मग बदलून आलेले. बँकेचा नवा कॅशियर, शाळेतल्या नव्या मॅडम, तहसीलमधला कारकून. यांना गॅसची शेगडी कोण दुरुस्त करतं हे कोणाला विचारावं तेही माहीत नसतं. उन्हाळ्यात लग्नाच्या तारखा निघाल्या की आर्वीकडचे, आष्टीकडचे लोक मंगल कार्यालयं बघत फिरतात. पावसाळ्याच्या तोंडावर संत्र्याची कलमं घेणारे येतात, त्यातले काही थेट मध्य प्रदेशातून. आणि दुकानदाराच्या कधी लक्षातही न येणारा एक गट आहे: या तालुक्यातून बाहेर गेलेली पोरं.

हा गट मला एका मोटार वायंडिंगच्या, म्हणजे शेतातल्या पंपाची जळालेली मोटार नव्या तारेने भरून देणाऱ्या दुकानात कळला. गहू-हरभऱ्याला पाणी चालू असताना, त्यातही शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असली की मोटारी जळण्याचं प्रमाण वाढतं. कमी दाबाने वीज येते, मोटार गरम होते, आणि सकाळी शेतात गेलं तर स्टार्टर नुसता गुरगुरतो. बाप पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराला फोन करतो. मोटार दुरुस्त कुठे होते हे बापाला माहीत असतंच. फोन असतो तो पैशासाठी, आणि थोडा हताशपणे. पोरगा तिकडे हिंजवडीत बसून फोनवर 'कारंजा मोटार वायंडिंग' शोधतो, दोन-तीन ठिकाणी विचारतो, आज मोटार आणली तर उद्या मिळेल का, तांबं कोणतं वापरता, पैसे मी इथून पाठवले तर चालेल का. दुकानाशी सौदा तो पोरगा करतो, मोटार फक्त बाप आणून टाकतो. वायंडिंगवाले भाऊ मला म्हणाले, "हे पोट्टे मले कधी भेटतच नाही, पन पैसे तेच देऊन रायले." त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. गरजच पडली नव्हती कधी. गावाला वास ओळखीचा होता, वार्निशचा आणि जळक्या तारेचा. पण हिंजवडीत बसलेल्या पोराला तो वास कसा येणार?

त्या दुकानाचं काम मी पाटीपासून सुरू केलं. पाटी नसेल तर गुगलच्या नकाशावर दुकान टाकणंच अवघड होतं. पूर्वी गुगल पोस्टाने एक कार्ड पाठवायचं, त्यावर एक आकडा असायचा आणि तो टाकला की दुकान तुमचं ठरायचं. आमच्याकडे ते कार्ड कधी यायचं, कधी पोस्टमनच्याच हातात राहायचं, कारण पत्ता 'बसस्टँडच्या मागे' एवढाच. आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. मध्ये न तोडता, एका दमात काढलेला. त्यात दुकान कुठे आहे ते दिसलं पाहिजे, धंदा खरोखर चालतो ते दिसलं पाहिजे, आणि व्हिडिओ काढणारा त्या दुकानाचा मालक आहे याची काहीतरी खूण दिसली पाहिजे.

तो व्हिडिओ काढताना भाऊ आधी लाजले, मग गंभीर झाले. रस्त्याच्या पलीकडून सुरुवात केली, समोरचं कृषी केंद्र आणि कोपऱ्यावरचा पानठेला दिसेल असा फोन फिरवला. नंतर नवी पाटी. नंतर त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर ढकललं. आत एका बाजूला उघडलेल्या मोटारी, त्यांच्या पोटातून बाहेर काढलेली काळी पडलेली तार, दुसऱ्या बाजूला नव्या तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीवर खिळ्याला टांगलेले कागदी इन्सुलेशनचे तुकडे. त्यांनी एक अर्धवट भरलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा तार भरायचा न फिरणारा भाग, उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि मला न विचारता बोलायला लागले, किती वेढे, कोणत्या जाडीची तार, का. बोलायची गरज नव्हती. पण मी थांबवलं नाही. स्वतःचं काम अनोळखी माणसाला समजावून सांगायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. पाठवताना रेंज गेली, पुन्हा आली, शेवटी नगरपंचायतीच्या बाजूला जाऊन पाठवला.

एवढं केलं की लोक विचारतात, आता दुकान पहिल्या नंबरवर कधी येणार. या प्रश्नापाशी आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून याचं उत्तर मी सावकाश देते. स्थानिक शोधात दुकानं कोणत्या क्रमाने दाखवायची हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं, आणि हे त्यांनी उघड लिहून ठेवलं आहे. शोधणाऱ्याने जे विचारलं त्याच्याशी दुकानाची माहिती किती जुळते, दुकान त्याच्यापासून किती दूर आहे, आणि दुकानाचा नावलौकिक किती आहे. पैसे भरून हा क्रम वर सरकवता येत नाही, हेही त्यांनीच लिहिलं आहे. जाहिरात वेगळी, ती दिसते तिथे 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. अंतर मी बदलू शकत नाही. नावलौकिक दुकानदाराच्या हातात. माझ्या हातात फक्त पहिली गोष्ट, माहिती नीट भरण्याची, आणि तीही बऱ्याच ठिकाणी पुरते, कारण शेजारच्या दुकानाने काहीच भरलेलं नसतं.

आमच्या भागात नीट भरणं म्हणजे सगळ्यात आधी गाव नीट लिहिणं. कारंजा दोन आहेत, एक आमचं घाडगे, दुसरं वाशीम जिल्ह्यातलं लाड. आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे, बीडमध्ये आहे, गडचिरोलीतही आहे. सेलू आमच्या जिल्ह्यातही आणि परभणीतही. वणी म्हटलं की यवतमाळचा माणूस एक समजतो आणि नाशिकचा दुसरं. नुसतं गावाचं नाव आणि फोन नंबर टाकून मोकळं झालं की भलत्याच जिल्ह्याचे फोन येतात, दुकानदार वैतागतो, आणि 'हे ऑनलाइनचं सगळं बेकार' म्हणून फोन उचलणंच सोडून देतो. जिल्हा, तालुका, पिनकोड, ओळखीची खूण, सगळं लिहायचं. गावातले लोक ज्या नावाने दुकान सांगतात ते नाव वर्णनात आलं पाहिजे. पण दुकानाच्या नावाच्या जागी पाटीवरचंच नाव, त्याला 'बेस्ट' आणि 'नंबर वन' अशी शेपटं जोडायची नाहीत. गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि कोणी तक्रार केली की नोंद अडकते.

महामार्गावरच्या ढाब्यांचं आणखी एक. नकाशावरची टाचणी रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे तिथे जिवावरचं असतं. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक. टाचणी चुकून पलीकडच्या बाजूला पडली तर नागपूरहून येणाऱ्याला नकाशा पुढच्या कटापर्यंत नेतो, तिथून वळवतो, आणि पोटात भूक असलेला माणूस वळत नाही, तो पुढचा ढाबा गाठतो. एका ढाब्याची टाचणी मी स्वतः उन्हात उभी राहून फाटकासमोर आणली. फोटोही दोन्ही दिशांनी काढले, येणाऱ्याला जसं दिसेल तसं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून जुन्या रस्त्यावरच्या धाबेवाल्यांना घोर लागून राहिला आहे. गाडीवाल्याला थांबण्याचं कारण देणं आता त्यांच्यासाठी हौसेचं काम नाही.

याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका ढाबेवाल्या काकांची गोष्ट मला अजून टोचते. त्यांना शहरातून फोन आला होता, 'गुगलमधूनच बोलतोय' असं सांगून. वर्षाचे पैसे एकरकमी घेतले. नोंद केली ती कंपनीच्याच ईमेलवर, दिलेला फोन नंबरही मधल्या कोणाचा तरी. दुसऱ्या वर्षी काकांनी पैसे दिले नाहीत तर ढाबा 'कायमचा बंद' दाखवायला लागला. ढाबा सुरू, चूल पेटलेली, बाजा टाकलेल्या, आणि फोनवर सगळ्या जगाला कायमचा बंद. काकांना कळलं ते एका जुन्या गिऱ्हाइकाने 'धंदा काऊन बंद केला जी?' असं विचारल्यावर. अशा वेळी मालकी मागायची सोय आहे. विनंती पाठवली की सध्या ज्याच्या ताब्यात आहे त्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, उत्तर आलं नाही तर पुढची वाट खुली होऊ शकते. आम्ही ती वाट धरली आणि नोंद परत मिळाली. पण त्या मधल्या काळात जे लोक पुढे निघून गेले त्यांचा हिशेब कुठेच लागणार नाही.

तेव्हापासून माझी एकच अट आहे आणि ती मी पैशाच्या आधी सांगते. नोंद तुमच्या ईमेलवर होईल, पासवर्ड तुमच्याकडे राहील, मी फक्त मदतनीस म्हणून जोडलेली असेन. उद्या मी नको झाले तर मला काढायला तुम्हाला माझी परवानगी लागू नये. बऱ्याच दुकानदारांचा ईमेल मोबाइल घेताना दुकानातल्या पोराने बनवलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. मग आधी तो सोडवायचा, मुलीच्या किंवा सुनेच्या फोनवर परत मिळवण्याची सोय लावायची, आणि पासवर्ड उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं शिकलेले लोक म्हणतात. त्या वहीइतकी जपलेली वस्तू दुकानात दुसरी नसते, म्हणून मी लिहायला लावते.

आणि हेही सांगते की ही जागा आपली नाही. गुगलच्या नकाशावर किंवा फेसबुकवर असणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेत टपरी टाकणं आहे. मालक कधी काय बदलेल सांगता येत नाही. या नोंदीसोबत गुगल फुकट छोटी वेबसाइट बनवून द्यायचं, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. गिऱ्हाइकाने नोंदीतूनच निरोप पाठवायची सोय त्याच वर्षी जुलैमध्ये गेली. ज्यांनी बिलावर त्या वेबसाइटचा पत्ता छापला होता त्यांची बिलबुकं वाया गेली. म्हणून बिलावर, पाटीवर, पिशवीवर छापायचा तो फोन नंबर. बाकी काही बदललं तरी नंबर आपला राहतो.

नंबर म्हटला की व्हॉट्सॲप आलंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याच नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडच्या पानठेल्यावरसुद्धा क्यूआर कोड लागला. २०१८ च्या जानेवारीत धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप आलं. आमच्या भागात ऑनलाइन धंदा म्हणतात तो मुख्यतः हाच. पण इथेही नेमकं काय विकायचं ते समजून घ्यावं लागतं, आणि ते मला कृषी केंद्रवाल्यांनी शिकवलं.

मृगाच्या आधी एका कृषी केंद्रात मी सवलतीच्या जाहिरातीचा विषय काढला होता. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत, त्यांनी मला समोर बसवून समजावलं. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तीही आधार घेऊन, मशिनवर अंगठा घेऊन. सवलत कशावर देणार? जूनमध्ये कास्तकाराचा प्रश्न भावाचा नसतोच. "माल हाय का?" एवढाच असतो. पावसाचा एक शिडकावा पडला की खेड्यातून माणूस गाडीला लाथ मारून निघतो, वीस किलोमीटर येतो आणि हवं ते वाण संपलेलं असतं. दिवस गेला, पेट्रोल गेलं, आणि वाफसा थांबत नाही. त्या दिवसापासून त्या दुकानाचं व्हॉट्सॲप रोज सकाळी एकच काम करतं. कोणतं बियाणं आलं, कोणतं संपलं, डीएपी खत आहे की नाही, गाडी कधी येणार. फुलांची चित्रं नाहीत, शुभ सकाळ नाही. एका वेळी २५६ लोकांनाच पाठवता येतं आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच ते पोचतं, म्हणून बिल देताना 'नंबर सेव करून घ्या जी' हे वाक्य काउंटरवरच्या पोऱ्याला पाठ करून दिलं. गावोगावची वेगळी यादी केली. इथे अनोळखी माणूस नव्हता, पण एक अनोळखी गोष्ट होती, ती म्हणजे आजचा साठा. ओळखीच्या माणसालाही ती माहीत नसते.

सणावारांची वेळही अशीच. गुगलवर दुकान 'उघडं' दिसतं आणि पोळ्याच्या दिवशी अर्धं गाव बंद असतं. गावातल्या माणसाला कळतं, बाहेरच्याला कसं कळणार? बसस्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या एका काकूंना कोणीतरी एकच तारा देऊन गेलं होतं, 'वेळ दिली आहे पण दार बंद' म्हणून. ते महालक्ष्म्यांचे दिवस होते. काकूंच्या घरी सोळा भाज्या, आंबील, पुरण, शंभर माणसांचं जेवण, आणि खानावळीला कुलूप. त्या दोन दिवस त्या एका ताऱ्यासाठी जेवल्या नाहीत असं त्यांच्या सुनेने सांगितलं. मी आता सुनेला सणाच्या वेळा आधीच भरून ठेवायला शिकवलं आहे. पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्या, दिवाळीचा पाडवा, घरचं लग्न. त्या एक तारा देणाऱ्या माणसाला उत्तरही लिहिलं, काकूंच्याच शब्दांत. 'सणामुळे बंद होतं, तुमची गैरसोय झाली, पुन्हा आलात तर पोटभर जेवून जा.' खोटे चांगले अभिप्राय भावकीकडून लिहून घ्यायचा प्रस्ताव मला दर आठवड्याला कोणीतरी देतं. मी करत नाही. गुगलचे नियम तर आहेतच, ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे. पण माझं कारण त्याहून जवळचं आहे. आमच्या गावात भावकीचे पंधरा खोटे तारे कोणाचे हे समोरच्या दुकानदाराला नावानिशी कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भावकी बसते लिहायला. दोन मिठाईवाल्यांत असं सुरू झालेलं मी पाहिलं आहे. ते शेवटी पोलीस ठाण्यापर्यंत गेलं.

पैशाचं बोलायचं तर आमच्याकडे महिन्याचा हप्ता चालत नाही. शहरातल्या पद्धतीने दर महिन्याला बिल पाठवणारे लोक इथे टिकत नाहीत, कारण इथे पैसा महिन्याने येत नाही. सोयाबीन निघालं की थोडा येतो, कापूस विकला गेला की कास्तकार कृषी केंद्राची उधारी फेडतो, कृषी केंद्रवाला घराला रंग देतो, रंगवाल्याचा हात सैल होतो. संत्र्याचा आंबिया बहार तुटतो तोही त्याच सुमाराला, दिवाळीच्या पुढेमागे. मी नोंद करून देण्याचे दीड हजार घेते आणि पुढे सांभाळण्याचे वर्षाला चोवीसशे, दिवाळीनंतर. "कापूस निंगू दे ताई, मंग देतो" म्हणणारा माणूस पैसे बुडवत नाही. आणि दुकानात जायचं ते बोहनी झाल्यावर. सकाळी उदबत्ती लावून बसलेल्या माणसासमोर विकायला उभं राहू नये. बाजाराच्या दिवशी तर नाहीच. दुपारी दोन ते चार हीच बोलायची वेळ.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे टाकून जाहिरात करायला मी फार कमी जणांना सांगते. मंगल कार्यालयाला सांगते, नकाशावर टाचणी लावून तीस-चाळीस किलोमीटरच्या घेरात, तेही लग्नसराईच्या आधी. त्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि जो नोंदणीकृत नाही किंवा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत आहे त्याला तो परत मिळत नाही, हे हिशेबात धरून सांगते. किराणावाल्याला सांगत नाही. एका किराणावाल्या भाऊंनी पैसे काढून पुढे ठेवले होते, पोरगा म्हणतो करून घ्या म्हणून. त्यांचं सगळं गिऱ्हाईक तीन मोहल्ल्यांतलं, उधारीच्या वहीत नावानिशी. त्यांना जाहिरातीने एक किलो साखर जास्त विकली जाणार नव्हती. मी पैसे परत सरकवले आणि गिऱ्हाइकांकडून व्हॉट्सॲपवर यादी कशी मागवायची तेवढं पोराला दाखवून आले.

सध्या मी संत्र्याच्या रोपवाटिकांच्या कामात आहे, आणि आजवर केलेल्या कामात हे मला सगळ्यात अवघड वाटतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटचं नाव कलमांसाठी दूरवर पोचलेलं आहे, त्या मानाने आमच्या पट्ट्यातल्या रोपवाटिका लहान. घेणारा जवळपास नेहमीच परका, दोनशे-तीनशे किलोमीटरवरून गाडी घेऊन येणारा. म्हणजे माझ्या हिशेबाने सगळ्यात योग्य गिऱ्हाईक. शेतातल्या रस्त्याला नाव नसतं म्हणून नकाशाचा प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी चालणारा छोटा कोड, काढून देते, तो व्हॉट्सॲपवर पाठवला की ट्रकवाला थेट बांधापर्यंत येतो. हे सोपं आहे. अवघड आहे ते लिहिणं. वायंडिंग वाईट झालं तर आठ दिवसांत कळतं. जेवण वाईट असेल तर लगेच. संत्र्याचं कलम वाईट निघालं तर ते कळायला चार-पाच वर्षं जातात. तोवर शेतकऱ्याने पाणी घातलेलं असतं, ठिबक टाकलेलं असतं, पोरीच्या लग्नाचा अंदाज त्या बागेवर बांधलेला असतो. आणि मग झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो, म्हणजे झाड रोगी निघालेलं असतं.

त्या रोपवाटिकेच्या दादांना पाटीवर आणि नोंदीत 'शंभर टक्के रोगमुक्त' असं हवं होतं, कारण सगळेच लिहितात. मी म्हटलं, दादा, हे मी लिहिणार नाही. ते नाराज झाले. त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. बाजूच्याने लिहिलं आणि आपण नाही लिहिलं तर गाडी तिकडे वळते. आम्ही दोन दुपारी त्यावर वाद घातला, त्यांची आई मधे येऊन दोनदा चहा देऊन गेली. मी विचारत राहिले की खरं काय काय सांगता येईल. मग एकेक निघालं. जंभेरी या लिंबाच्या जातीच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याच्या झाडाची कळी, म्हणजे डोळा, बांधतात. डोळे कोणत्या झाडांवरून घेतात ती झाडं दाखवू शकतात. पिशवीतली माती कशी तयार करतात ते दाखवू शकतात. परवाना आहे, त्याचा क्रमांक आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन त्यांनी प्रशिक्षण घेतलं आहे, त्याचा कागद भिंतीवर धूळ खात पडला होता, तो पुसून फोटो काढला.

शेवटी नोंदीत असं लिहिलं: 'जंभेरी खुंटावरची नागपुरी संत्र्याची कलमं. परवाना क्रमांक खाली आहे. मातृवृक्ष येऊन बघता येतील. कलम घेताना डोळा जमिनीपासून किती उंचीवर बांधला आहे ते मोजून घ्या, लावताना तो मातीत गाडू नका.' शेवटचं वाक्य दादांचं. जाहिरातीत असं कोणी लिहितं का, असं त्यांनीच मला विचारलं, आणि मग म्हणाले, राहू दे. या मोसमाच्या गाड्या जूनमध्ये सुरू होतील. त्याआधी मला अजून तीन रोपवाटिकांत जायचं आहे, आणि तिथेही वाद याच वाक्यावर होणार आहे.